सोंगटी, स्ट्रायकर आणि हायड्रोजन क्लोराइडचे कंपन

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीने परवा नौपाड्यातील आमच्या घरी एक रास्त शंका काढली. हायड्रोजनचे वस्तुमान १ आणि क्लोरीनचे ३५ असताना, हायड्रोजन क्लोराइडच्या रेणूच्या कंपनाचे गणित करताना ०.९७ हे वस्तुमान घ्यायचे असते. मग एवढा जड भिडू सोबत घेऊनही ही जोडी एकट्या हायड्रोजनपेक्षा हलकी कशी ठरते? दोन वस्तुमानांच्या गुणाकाराला त्यांच्या बेरजेने भागले की लघुकृत वस्तुमान, म्हणजेच रिड्यूस्ड मास, मिळते हे सूत्र तिला पाठ होते, आणि अडचण नेमकी तीच होती.

कॅरम समोरच होता. १५ ग्रॅमचा स्ट्रायकर आणि ५ ग्रॅमची सोंगटी यांच्यामध्ये मी सोळा वेढ्यांची एक स्प्रिंग ठेवली आणि घर्षण मुळीच नाही असे समजायला सांगितले. स्प्रिंग ताणून सोडली, तर दोघेही हलतील, परंतु सोंगटी स्ट्रायकरच्या तिप्पट अंतर जाईल. आणि स्ट्रायकरच्या बाजूने चार वेढे मोजले की जो बिंदू येतो, तो जागचा हलणार नाही. त्या बिंदूवर खिळा ठोकला असे मानले, तर सोंगटीच्या वाट्याला बाराच वेढे उरतात. स्प्रिंग आखूड झाली की ती अधिक ताठ होते (बॉलपेनातील स्प्रिंग अर्धी कापून पाहिलेल्यांना हे ठाऊक असते), आणि येथे तो ताठपणा चार-तृतीयांश पट होतो. हा जादा ताठपणा स्प्रिंगच्या नावे न लिहिता वस्तुमानालाच त्या पटीने भागले, की ५ ग्रॅमचे ३.७५ ग्रॅम होतात. लघुकृत वस्तुमान म्हणजे हा हिशेबाचा फेरफार. कोणाचेही वजन खरोखर घटलेले नसते.

रेणूत हा स्थिर बिंदू क्लोरीनला जवळजवळ चिकटलेला असतो. बंधाची लांबी १२७ पिकोमीटर, तर बिंदू क्लोरीनपासून जेमतेम साडेतीन पिकोमीटरवर. त्यामुळे नाचतो तो मुख्यतः हायड्रोजनच.

म्हणूनच हायड्रोजनच्या जागी त्याचे दुप्पट जड भावंड, १९३१ साली हॅरल्ड युरी यांनी शोधलेले ड्युटेरियम, बसवले की बंध तोच राहूनही कंपनांक (कंपनाची वारंवारता, जी वर्णपटाच्या अभ्यासात प्रति सेंटिमीटर या एककात सांगतात) २८८६ वरून २०९१ प्रति सेंटिमीटरवर उतरतो. सूत्राने उत्तर २०६९ च्या आसपास येते. फरक पडतो, कारण खरा बंध आदर्श स्प्रिंगसारखा वागत नाही, तो जास्त ताणला की सैल पडत जातो.

क्लोरीन बदलून मात्र फारसे काही होत नाही. ३५ च्या जागी ३७ वस्तुमानाचा क्लोरीन आला, तर कंपनांक सुमारे दोनच एककांनी घटतो. तरीही ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रासायनिक प्रयोगशाळांत असतात तशा अवरक्त वर्णपटमापकांपैकी (रेणू कोणता अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, प्रकाश शोषतो ते टिपणारी यंत्रे) एखाद्या चांगल्या यंत्रावर या वायूचा आलेख काढला, तर प्रत्येक ठळक रेषेच्या बगलेला, किंचित खालच्या कंपनांकावर, एक फिकी रेषा उमटलेली दिसते. निसर्गात हलका क्लोरीन जड क्लोरीनच्या साधारण तिप्पट आहे, आणि त्या दोन रेषांच्या उंचीतही जवळपास तेच प्रमाण असते.