चाचणीसाठीचा भूस्थानिक डेटाबेस

नकाशे, अंतरे किंवा हद्दी यांच्याशी काम असलेल्या वेब-अ‍ॅप्लिकेशनची चाचणी घेण्यासाठी तात्पुरता उभारलेला, बिंदू, रेषा व बहुभुज साठवू शकणारा डेटाबेस. प्रत्येक चाचणी त्यात स्वतःचा नमुना डेटा भरते, क्वेरी चालवते आणि शेवटी रोलबॅक करून, म्हणजे केलेले बदल मागे घेऊन, सारे पुसून टाकते. साध्या चाचणी-डेटाबेसहून तो एका बाबतीत वेगळा आहे. नोंदी नसल्या तरी तो पुरता रिकामा असून चालत नाही. भूमितीचे डेटाटाइप, शेकडो फंक्शन्स आणि निर्देशक प्रणालींचे (आकड्यांवरून पृथ्वीवरची जागा ठरवण्याच्या पद्धतींचे) टेबल त्यात आधीच असावे लागते. उभारणीतल्या बहुतेक अडचणींचे मूळ इथेच आहे.

या कामासाठी सर्वाधिक परिचित जोडी म्हणजे पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस आणि त्याला भूस्थानिक क्षमता देणारे पोस्टजीआयएस हे एक्स्टेन्शन (जोड-भाग). कॅनडातील रिफ्रॅक्शन्स रिसर्च या कंपनीने पोस्टजीआयएस २००१ साली प्रथम प्रसिद्ध केले. सुरुवातीच्या काळात प्रत्येक नव्या डेटाबेसमध्ये एसक्यूएलच्या (डेटाबेसच्या आज्ञाभाषेच्या) लांबलचक फाइली हाताने चालवाव्या लागत. म्हणून एक साचा-डेटाबेस तयार ठेवून त्याच्या प्रती काढण्याची पद्धत पडली. २०१२ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून ‘क्रिएट एक्स्टेन्शन पोस्टजीआयएस’ एवढी एक आज्ञा पुरते. मात्र ती देण्यासाठी सहसा सुपरयूजरचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, अधिकार लागतो. जँगोसारखे वेब-अ‍ॅप्लिकेशन बांधायचे फ्रेमवर्क चाचणीच्या वेळी मूळ नावाआधी ‘टेस्ट’ जोडून नवा डेटाबेस निर्माण करते. त्याच्या खात्याला हा अधिकार नसेल तर पहिली चाचणी सुरू होण्याआधीच काम अडते. अशा वेळी खात्याला सुपरयूजर करून टाकण्यापेक्षा एक्स्टेन्शन आधीच बसवलेला साचा वापरणे केव्हाही चांगले. प्रत काढताना त्या साच्याला दुसरे कोणतेही कनेक्शन जोडलेले नसावे, नाहीतर पोस्टग्रेएसक्यूएल नकार देते.

‘स्पेशियल_रेफ_सिस’ या टेबलाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. निर्देशक प्रणालींच्या व्याख्या त्यात असतात. जीपीएसच्या अक्षांश-रेखांशांचा ४३२६ आणि वेब नकाशांचा ३८५७ हे क्रमांक त्यातलेच. रोलबॅकऐवजी चाचण्यांनंतर सगळी टेबले रिकामी करणारी साधने याही टेबलाला नोंदींचे टेबल समजतात. मग पहिली चाचणी उत्तीर्ण होते आणि पुढच्या चाचणीत एका प्रणालीतून दुसरीत रूपांतर करताना क्रमांकच सापडत नाही. दोष कोडमध्ये शोधत तास जातात. हे टेबल साफसफाईतून वगळणे हाच उपाय आहे.

सोय म्हणून एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसवर आधारलेले स्पॅशियालाइट चाचणीला वापरण्याचा मोह होतो. छोट्या प्रयोगांना ते ठीक आहे. पण पोस्टजीआयएसमधला गोलाकार पृथ्वीवर मोजमाप करणारा ‘जिऑग्राफी’ प्रकार त्यात नाही. प्रत्यक्ष सेवेत जे इंजिन आणि जी आवृत्ती चालते, तीच चाचणीतही हवी. कंटेनरमुळे, म्हणजे हवी ती आवृत्ती वेगळ्या बंदिस्त वातावरणात चालवण्याच्या सोयीमुळे, हे आता अवघड राहिलेले नाही.

नमुना डेटा विचारपूर्वक निवडावा लागतो, कारण भूस्थानिक चुका आवाज न करता होतात. पोस्टजीआयएसमध्ये रेखांश आधी आणि अक्षांश नंतर लिहितात. दोन्ही आकडे जवळपास सारखे असलेला बिंदू घेतला तर उलटापालट कळतच नाही. ४३२६ मधल्या साध्या भूमितीवर ‘एसटी_डीविदिन’ या, दोन आकृती दिलेल्या अंतरात आहेत का हे तपासणाऱ्या फंक्शनला ५०० दिले की ते मीटर नव्हे, अंश मानले जातात. मग पृथ्वीवरचा प्रत्येक बिंदू ‘जवळ’ ठरतो आणि अपेक्षित बिंदू सापडल्यामुळे चाचणी खुशाल उत्तीर्ण होते. म्हणून उत्तरात येऊ नये असा एक दूरचा बिंदू नमुन्यात हवाच. अंशाचे किलोमीटरही सगळीकडे सारखे नसतात: रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटर भरतो, तर ६० अक्षांशावर सुमारे ५६. याखेरीज १८० रेखांश ओलांडणारी हद्द आणि डमरूसारखा स्वतःलाच छेदणारा बहुभुज ठेवावा. डमरूच्या दोन्ही बाजू सारख्या असतील तर त्याचे क्षेत्रफळ शून्य येते.

वेगाची पारख मात्र अशा डेटाबेसवर करू नये. दहा-वीस नोंदी असल्या की पोस्टग्रेएसक्यूएल जिस्ट इंडेक्स (भूमिती लवकर शोधण्यासाठीची सूची) बाजूला ठेवून सरळ सगळे टेबल वाचते, आणि तेच स्वस्त पडते. इंडेक्स कामाला येतो की नाही हे पाहायचे असेल तर हजारो बिंदू भरून, टेबलाची आकडेवारी गोळा करणारी ‘अ‍ॅनालाइझ’ ही आज्ञा चालवून मगच क्वेरीचा आराखडा तपासावा.