पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं?

समीकरण सोडवायचा, दादर-परळच्या क्लासांत मुरलेला मंत्र: ‘बरोबरच्या पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं.’ अर्धवट आहे तो. पलीकडे काही जातच नाही. दोन्ही बाजूंवर एकच क्रिया होते, बस्स.

मुंबईतल्या रिक्षाचं दिवसाचं भाडं घ्या (फेब्रुवारी २०२५ पासूनचं, दीड किलोमीटरपुढे): भा = २६ + १७.१४ × (अं − १.५); भा म्हणजे रुपयांतलं भाडं, अं म्हणजे किलोमीटरमधलं अंतर. अंतर हवंय? दोन्हीकडून २६ वजा करा, मग १७.१४ ने भागा, शेवटी १.५ मिळवा. मंत्रवाले १७.१४ सुद्धा वजा करून मोकळे होतात! अहो, तो गुणलेला आहे. भागायचाच, तोही स्वतःच्या चिन्हासकट. म्हणून −३क्ष = १२ मध्ये क्ष = −४, ४ नव्हे. आणि मीटरवर ६० रुपये दिसले तर अंतर जवळपास साडेतीन किलोमीटर.