लठ्ठ, पण रिपोर्ट नॉर्मल: या समजाची पार्श्वभूमी

"वजन ९५ किलो, पण शुगर नॉर्मल, बीपी नॉर्मल, कोलेस्ट्रॉलही नॉर्मल. मग बिघडलं कुठे?" बडोद्यात, दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या मराठी घरांत चेकअपची फाइल पुढे सरकवत एखादे काका असं म्हणतात, आणि ते खोटं नसतं. अशी माणसं खरोखर असतात. वैद्यकात त्यासाठी 'मेटाबॉलिकली हेल्दी ओबेसिटी' असं नावही आहे: लठ्ठपणा आहे, पण चयापचय, म्हणजे शरीराचा साखर-चरबी हाताळायचा कारभार, अजून ठीक आहे. त्यातलं 'अजून' मात्र घरापर्यंत पोचत नाही, आणि सगळा धोका तिथेच आहे.

रिपोर्ट नॉर्मल असला की लठ्ठपणाने काही बिघडत नाही, हा समज रुजायला बडोद्यात जमीनही चांगली होती. जुम्मादादा व्यायाम मंदिर, प्रो. माणिकराव, सयाजीरावांचा आश्रय, इथूनच निघालेला दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' अशी या शहराची परंपरा. भरदार देह म्हणजे ताकद, हे इथे पिढ्यान्‌पिढ्या मानलं गेलं. तालमीत घाम गाळणाऱ्याच्या बाबतीत ते बरंचसं खरंही होतं. नंतर तालीम सुटली, खुराक तसाच राहिला. आणि काट्यावर तालमीतल्याचं आणि तालीम सुटलेल्याचं वजन सारखंच भरतं.

लठ्ठपणा ठरवायला वापरतात ते वजन-उंचीचं गणित (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) मुळात डॉक्टरांचं नव्हेच. १८३०च्या दशकात बेल्जियमच्या अदोल्फ केटले या संख्याशास्त्रज्ञाने ते मांडलं, सरासरी माणूस कसा असतो हे शोधताना. १९७२ मध्ये अमेरिकेत अँसेल कीज यांनी त्यालाच 'बॉडी मास इंडेक्स' (बीएमआय) म्हटलं. लोकसमूहांच्या अभ्यासासाठी ते सोयीचं होतं. एकेका माणसाचं निदान त्यावरून करायची सवय पुढे लागली.

त्याआधीच, १९४७ मध्ये, फ्रान्सच्या मार्सेय शहरात जाँ वाग या डॉक्टरांनी एक गोष्ट टिपली होती. चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे हे त्यांनी पाहिलं. शरीराच्या वरच्या भागात, पोटावर साठलेली चरबी मधुमेह आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांच्या सोबतीने दिसत होती. नितंब-मांड्यांवरची तितकी त्रासदायक नव्हती. माझ्या मते या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं निरीक्षण हेच, आणि त्याकडे कित्येक वर्षं फारसं कुणी पाहिलं नाही. १९८१ मध्ये रुडरमन आणि सहकाऱ्यांनी उलटी बाजू मांडली: वजन नॉर्मल, पण आतून चयापचय लठ्ठ माणसासारखं. १९८८ मध्ये जेराल्ड रीव्हन यांनी इन्सुलिनला न जुमानणारं शरीर, वाढलेला रक्तदाब, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) हे सगळं एका धाग्यात गुंफलं. २००१ मध्ये ईथन सिम्स यांनी शोधनिबंधातून थेट विचारलं, लठ्ठ पण चयापचयाने निरोगी अशी माणसं असतात का?

२००८ मध्ये अमेरिकेतल्या पाहणीतून उत्तर आलं. तिथल्या लठ्ठ प्रौढांपैकी जवळपास ३२ टक्के चयापचयाच्या कसोट्यांवर निरोगी ठरले, तर नॉर्मल वजनाच्या साधारण २४ टक्के लोकांत बिघाड सापडला. 'लठ्ठ असलं तरी चालतं' हा दिलासा अशा आकड्यांतून पसरला. पण निरोगी कुणाला म्हणायचं यावरच एकमत नव्हतं. २०१४च्या एका आढाव्यात या एकाच स्थितीच्या ३० व्याख्या सापडल्या.

मग काही जण सुटतात कसे? कातडीखालची चरबी हे शरीराचं कोठार. त्यात जागा आहे तोवर जादा चरबी तिथे गुपचूप पडून राहते. ते भरलं की ती यकृतात, स्नायूंत, आतड्यांभोवती शिरते आणि इन्सुलिनचं काम बिघडवते. २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी अॅडिपोनेक्टिन हे संप्रेरक जास्त बनवणारे उंदीर तयार केले. ते प्रचंड लठ्ठ झाले, तरी त्यांची साखर ताब्यात राहिली, कारण चरबी योग्य जागी साठत होती. कोठार केवढं, हे बरंचसं आनुवंशिकतेवर ठरतं. वय, बैठं काम आणि रजोनिवृत्ती ते भरायला हातभार लावतात.

खरा उलगडा झाला तो लोकांना वर्षानुवर्षं पाहिल्यावर. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासात दिसलं की निरोगी लठ्ठांपैकी सुमारे निम्मे २० वर्षांत चयापचय बिघडलेल्या गटात गेले. २०१७ मध्ये तिथल्याच ३५ लाख लोकांच्या नोंदींत, एकही चयापचय-दोष नसलेल्या लठ्ठांनाही नॉर्मल वजनाच्या निरोगी लोकांपेक्षा हृदयविकाराचा धोका सुमारे ५० टक्के जास्त निघाला. २०१८ मध्ये ९० हजार अमेरिकन परिचारिकांच्या अभ्यासातही निष्कर्ष असाच होता. शिवाय ९५ किलोंचा भार गुडघ्यांवर पडतो आणि झोपेत श्वास अडकतो तो वेगळाच, त्याची नोंद शुगरच्या रिपोर्टात नसते.

आपल्यासाठी यात आणखी एक पदर आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. भारतीय शरीर बारीक दिसतं तेव्हाही चरबी राखून असतं, पोटाशी जास्त. म्हणून २००९ पासून आपल्याकडे लठ्ठपणाची रेषा ३० ऐवजी २५ बीएमआयवर आणि कंबरेची मर्यादा पुरुषांना ९०, बायकांना ८० सेंटिमीटर मानतात. पाश्चात्त्य अभ्यासांतला दिलासा इथे जसाच्या तसा घेणं मला धोक्याचं वाटतं.

कंबर मोजायचीही एक रीत आहे. पँटचा नंबर ३६ म्हणून काका निर्धास्त असतात, पण पट्टा पोटाखाली बांधलेला असतो. टेप शेवटची बरगडी आणि खुब्याच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, पोट आत न ओढता, श्वास सोडल्यावर धरावी. तेव्हा १०४ सेंटिमीटर सुद्धा भरते.

जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेटच्या आयोगाने लठ्ठपणाची नवी मांडणी केली. अवयवांचं काम बिघडलेला तो 'क्लिनिकल', आणि काम अजून ठीक असलेला तो 'प्री-क्लिनिकल'. निरोगी लठ्ठपणाची जुनी कल्पना आणि हा दुसरा गट अगदी एक नव्हेत, पण काकांसारखे बरेच जण त्यात बसतात. त्यांच्यासाठी आयोगाने सुचवलं आहे ते हे: सल्ला, धोका जास्त असेल तर तो कमी करायचे उपाय, आणि ठरावीक काळाने पुन्हा तपासणी.