पाण्यातील प्रतिजैविके: मोजता आली, तरी मर्यादा नाही

पाण्यातील औषधांच्या अंशांचा शोध तणनाशकाच्या निमित्ताने मार्गी लागला. क्लोफायब्रिक आम्ल हा रक्तातील चरबी कमी करणाऱ्या औषधाचा शरीराबाहेर पडणारा अंश. कॅन्सस सिटीच्या सांडपाण्यात तो १९७०च्या दशकातच सापडला होता, पण पाठपुरावा फारसा झाला नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्लिनच्या भूजलात तणनाशके शोधताना तो पुन्हा हाती लागला आणि पुढे नळाच्या पाण्यातही निघाला. मेकोप्रॉप या तणनाशकाचे आणि त्याचे रेणुसूत्र एकच. नुसत्या रेणुभारावरून दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत.

तेव्हाची मदार गॅस क्रोमॅटोग्राफीवर, म्हणजे नमुन्याची वाफ करून त्यातील घटक वेगळे करण्याच्या पद्धतीवर होती. पुष्कळ औषधांची सहजी वाफ होत नाही, म्हणून आधी रासायनिक प्रक्रिया करून त्यांना वाफेजोगे करावे लागे. घटक द्रवातच वेगळे करणाऱ्या द्रव क्रोमॅटोग्राफीला रेणूंचा भार मोजणारा दुहेरी मास स्पेक्ट्रोमीटर जोडला गेल्यावर ही अडचण सुटली आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम मोजणे नित्याचे झाले. अमेरिकेतील १३९ प्रवाहांच्या पाहणीत ८० टक्के ठिकाणी औषधे, संप्रेरके किंवा घरगुती वापराची रसायने आढळली. ते निष्कर्ष २००२ साली आले. इतक्या सूक्ष्म मोजणीत नमुना घेणाऱ्याचे हातही आड येतात. म्हणून सनस्क्रीन, डासांचे मलम, अत्तर लावून नमुना घ्यायचा नाही, कॉफीही टाळायची, असा दंडक असतो. पाणी गडद काचेच्या बाटलीत भरून बर्फात ठेवतात. सोबत शुद्ध पाण्याची एक बाटली त्याच जागी उघडून बंद करतात. तिच्यात काही निघाले, तर दोष नदीचा नसतो.

भारतातील चर्चेला वळण मिळाले ते २००७ साली. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी एका सामायिक केंद्रात येत असे. प्रक्रिया करून बाहेर सोडलेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत निघाले. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही हे औषध इतके चढत नाही. अशा पाण्यात औषधाला न जुमानणारे जिवाणूच टिकतात आणि पोसले जातात.

केंद्र सरकारच्या जानेवारी २०२०च्या नियम-मसुद्याचे महत्त्व इथे आहे. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी त्यात १२१ प्रतिजैविकांच्या कमाल मर्यादा सुचवल्या होत्या. असा दंडक तोवर कोणत्याच देशाने कायद्यात आणला नव्हता. मर्यादा अतिशय कडक आहेत, असा उद्योगाचा आक्षेप होता. ऑगस्ट २०२१ची अंतिम अधिसूचना आली, तेव्हा ती सगळी यादीच गायब होती. खर्चाचा आणि प्रयोगशाळांच्या कमतरतेचा मुद्दा खोटा नाही. मास स्पेक्ट्रोमीटरसारखे मोजणीचे यंत्र महाग आहे आणि ते चालवणारे प्रशिक्षित हात थोडे. पण त्यावर टप्प्याटप्प्याने अंमल करता आला असता. पाच-दहा जास्त वापराच्या प्रतिजैविकांपासून सुरुवात करता आली असती. आकडे सैल करण्यावरही बोलणी होऊ शकली असती. यादीच काढून टाकल्याने मागे उरल्या बीओडी, सीओडीसारख्या जुन्या कसोट्या. बीओडी म्हणजे पाण्यातील घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन. सीओडी म्हणजे ऑक्सिडीकरण होणाऱ्या सगळ्या पदार्थांची एकत्र बेरीज. लिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या नेहमीच्या मर्यादेत बसणाऱ्या पाण्यातही पाटणचेरूइतके सिप्रोफ्लॉक्सासिन बिनबोभाट मावते. तारापूर किंवा कुरकुंभसारख्या औषधनिर्मितीच्या वसाहतींनाही हेच लागू.

त्यानंतर बाहेर हालचाली वेगाने झाल्या. २०२२ साली १०४ देशांतील २५८ नद्यांमधील औषधांच्या अंशांचा एकत्रित अभ्यास आला. प्रतिजैविक कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी पहिली जागतिक मार्गदर्शक तत्त्वे सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झाली, मात्र ती बंधनकारक नाहीत. शहरी सांडपाण्याबाबतचा युरोपचा सुधारित कायदा त्याच वर्षाअखेरचा: सूक्ष्म प्रदूषके काढण्याच्या जादा प्रक्रियेचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधन उत्पादकांवर टाकणारा. त्या तरतुदीविरुद्ध उत्पादक न्यायालयात गेले आहेत.