चाक नेमकं कुठे अडतंय?

जॅकवर उचललेलं चाक हाताने फिरवलं आणि ते लगेच थांबलं, की पहिला संशय बेअरिंगवर जातो. बहुतेक वेळा दोष ब्रेकचा निघतो. कधी कधी तर दोषच नसतो, कारण चाक किती फिरलं म्हणजे मोकळं म्हणायचं, हे आपण ठरवलेलंच नसतं.

डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून धरणारा चिमटा, आतल्या पिस्टनने पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबतो. पेडल सोडल्यावर पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग नसते. ते काम पिस्टनभोवतीचं एक रबरी सील करतं. ब्रेक दाबला की पुढे सरकणाऱ्या पिस्टनसोबत सीलचा काठ थोडा वाकतो. पेडल सोडलं की रबर पुन्हा सरळ होतं आणि पिस्टनला मिलिमीटरच्या छोट्याशा अंशाइतकं मागे आणतं. बस्स, एवढंच. त्यामुळे पॅड डिस्कला निसटते टेकलेले असणं, हलका ‘सर्र’ आवाज येणं आणि चाक दोन-एक फेऱ्यांत थांबणं हे ठणठणीत गाडीतही होतं. त्यातून इंजिनाशी जोडलेली चाकं न्यूट्रलमध्येही डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) फिरवत, त्यातलं ऑइल घुसळत फिरतात, म्हणून हाताला जड लागतात. पुढचं चाक मागच्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. डावं-उजवं ताडून पाहावं.

खरा दोष असेल तर तो उष्णतेतून कळतो. समजा, पिस्टनचा व्यास 54 मिलिमीटर आहे आणि पेडल सोडल्यावरही आत फक्त 1 बार दाब अडकून राहिला. हा दाब टायरमधल्या हवेच्या निम्म्याहूनही कमी. तरी पॅडवर सुमारे 230 न्यूटन बळ पडतं. पॅड दोन बाजूंनी घासतात, घर्षणांक 0.4 च्या आसपास असतो. डिस्क आणि टायरच्या त्रिज्यांचा हिशेब केला तर रस्त्यावर साधारण 65 ते 70 न्यूटनचा अडथळा होतो. ताशी 60 किलोमीटर वेगाला हे सुमारे 1,100 वॅट झाले, म्हणजे एक इस्त्री चाकात सतत चालू ठेवल्यासारखं. हातातलं चाक जेमतेम जड वाटत असताना रस्त्यावर जळका वास का येतो, ते यावरून लक्षात यावं.

म्हणून ब्रेक शक्य तितका कमी वापरून काही किलोमीटर गाडी चालवावी आणि थांबल्यावर चारही चाकांचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजावं. डिस्कला हात लावायचा नाही, भाजेल. एकच चाक जोडीदारापेक्षा बरंच गरम असेल तर दुखणं तिथे आहे.

आता गाडी सपाट जागी, बाकीच्या चाकांना अडण लावून, स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम करू नये. ब्रेक दोन-तीनदा दाबून सोडावा आणि लगेच चाक फिरवावं. हे ‘लगेच’ महत्त्वाचं आहे. अडकलेला दाब हळूहळू उतरतो, त्यामुळे रस्त्यात जाम झालेलं चाक तासाभराने कुठे काही झालंच नाही असं फिरतं आणि माणूस चक्रावतो.

चाक जड आहे तोवर कॅलिपरवरचं एअर काढायचं निपल किंचित सैल करावं. माझ्या मते या सगळ्या तपासणीत याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. थोडं ब्रेक ऑइल उडालं आणि चाक मोकळं झालं, तर ऑइलचा दाब अडकला होता. दाब उतरूनही चाक जडच असेल, तर पिस्टन, पिना किंवा पॅड यांतलं काहीतरी अडकलंय. एवढं न करता थेट नवा कॅलिपर बसवला, तर पैसे जातात आणि चाक आहे तसंच राहतं.

दाब अडकवण्यात कॅलिपरकडे ऑइल नेणारा रबरी होज पाइप तरबेज असतो. बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून फुगलेला किंवा सोललेला असतो. पायाच्या जोराने ऑइल त्यातून पुढे घुसतं. परत यायला मागे जोर असतो तो फक्त त्या इवल्याशा सीलचा, म्हणून ऑइल तिथेच कोंडतं. खात्री करायची तर निपल घट्ट करून पुन्हा ब्रेक दाबावा आणि या वेळी होजच्या अलीकडचा, म्हणजे पेडलकडून येणाऱ्या लोखंडी पाइपचा सांधा सैल करावा. तरीही चाक सुटलं नाही आणि निपल उघडल्यावर सुटलं, तर होज बदलायचा. सांधा सैल करताच सुटलं, तर शोध मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइलचा दाब तयार करणाऱ्या भागाकडे न्यायचा. तिथला दोष सहसा एका चाकापुरता राहत नाही आणि पेडलची सुरुवातीची मोकळी चालही नाहीशी झालेली असते.

यांत्रिक बाजूला पाहायचं ते पॅडकडे. एक पॅड दुसऱ्यापेक्षा बराच झिजला असेल किंवा तिरका झिजला असेल, तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजल्यात. पिस्टन क्लॅम्पने दाबून सावकाश आत जायला हवा. हटून बसत असेल तर फाटक्या बुटातून (पिस्टनवरच्या रबरी आवरणातून) पाणी शिरून त्यावर गंज चढला असणार. मागच्या चाकात हँडब्रेकची केबल सैल करून पाहावी. ती आतून गंजली की लिव्हर खाली आला तरी ब्रेक सुटत नाही.

बेअरिंगची लक्षणं वेगळी. चाक अडण्यापेक्षा खरखरतं. फिरत्या चाकाजवळ सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर बोटं ठेवली तर ती खरखर हाताला कळते. टायर वर आणि खाली धरून हलवला तर कधी कधी प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवतो, आणि रस्त्यावर वेगाबरोबर वाढणारा घुमका आवाज येतो. दर फेरीत एकाच जागी घासत असेल तर डिस्क वाकडी असण्याची शक्यता आहे. डिस्कमागच्या पत्र्याच्या आवरणात खडा अडकल्यावरही भयंकर आवाज येतो, पण तो काढला की काम झालं.

निपल उघडलं असेल तर एअर काढून, पातळी भरून, पेडल कडक लागल्याशिवाय गाडी हलवू नये. सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवावं, ते रंग खातं. ब्रेक ऑइलच्या टाकीत भरताना बाटली नीट वाचावी. ब्रेक ऑइलऐवजी चुकून इंजिन ऑइल गेलं तर सीलांचं रबर फुगतं आणि चारही चाकं एकदम जड होऊ शकतात. मग नुसतं ऑइल बदलून भागत नाही, पूर्ण यंत्रणेतलं रबर बदलावं लागतं.