अमेरिकी संविधानाच्या अनुसमर्थनाचा वाद

फिलाडेल्फिया येथे १७ सप्टेंबर १७८७ रोजी सह्या झालेला संविधानाचा मसुदा स्वीकारावा की फेटाळावा, यावरून अमेरिकेच्या तेरा राज्यांत १७९० पर्यंत चाललेला वाद. मसुदा करणारी परिषद बोलावली होती ती १७८१ पासून लागू असलेल्या ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ या करारात दुरुस्त्या सुचवण्यापुरती. तिने करारच बाजूला सारला. जुन्या करारात बदल करायला तेराही राज्यांची संमती लागे. मसुद्याच्या सातव्या कलमाने नऊ राज्ये पुरेशी ठरवली आणि निर्णय विधिमंडळांऐवजी त्यासाठीच निवडलेल्या राज्य परिषदांवर सोपवला. नियम आधीच बदलून घेतले, ही विरोधकांची तक्रार निराधार नव्हती.

नावांतही कुरघोडी झाली. बळकट केंद्र हवे असणाऱ्यांनी ‘फेडरलिस्ट’ म्हणजे संघवादी हे नाव आधीच पटकावले. राज्यांचे स्वातंत्र्य राखू पाहणाऱ्यांच्या कपाळी ‘अँटी-फेडरलिस्ट’ हे नकारात्मक बिरुद आले.

विरोधकांचे आक्षेप मुख्यतः केंद्राचा थेट कर लावण्याचा अधिकार, शांतताकाळातील खडे सैन्य आणि हक्कांच्या सनदेचा अभाव यांवर होते. पहिल्या प्रतिनिधिगृहात अवघे ६५ सभासद. एवढ्या मोठ्या देशात शेतकऱ्याला, कारागिराला ओळखणारा प्रतिनिधी त्यांत कुठून येणार, असा ‘ब्रूटस’ या टोपणनावाने लिहिणाऱ्याचा सवाल होता. व्हर्जिनियात पॅट्रिक हेन्री यांनी ‘आम्ही लोक’ या आरंभीच्या शब्दांवरच बोट ठेवले: ‘आम्ही राज्ये’ का नाही? मोठ्या प्रजासत्ताकात गट इतके असतात की एकाच गटाची दडपशाही अवघड होते, हे जेम्स मॅडिसन यांचे उत्तर. अलेक्झांडर हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे यांनी ‘पब्लियस’ या नावाने लिहिलेल्या ८५ निबंधांत ते आले आहे. हे निबंध आज अभिजात मानले जातात, पण ते जिथल्या मतदारांसाठी लिहिले त्या न्यूयॉर्कने परिषदेवर ४६ विरोधक आणि १९ समर्थक निवडून दिले!

निकाल युक्तिवादांइतकाच डावपेचांनी ठरला. पेनसिल्व्हेनियात गणसंख्या मोडण्यासाठी विरोधी आमदार गैरहजर राहिले, तेव्हा जमावाने त्यांतल्या दोघांना ओढत सभागृहात आणून बसवले. डेलावेअरने ७ डिसेंबर १७८७ रोजी एकमताने पहिली संमती दिली. खरी कसोटी मॅसॅच्युसेट्सची होती. कर्जबाजारी शेतकऱ्यांचा शेज उठाव तिथे नुकताच मोडून काढला होता. आधी मंजुरी द्या, सोबत दुरुस्त्यांची शिफारस जोडा, अशी तोड गव्हर्नर जॉन हॅनकॉक यांनी मांडली आणि ६ फेब्रुवारी १७८८ रोजी १८७ विरुद्ध १६८ असा निसटता होकार मिळाला. पुढच्या बहुतेक राज्यांनी हीच वाट धरली.

२१ जून १७८८ रोजी न्यू हॅम्पशायरच्या रूपाने नववे राज्य मिळाले. कायद्याने एवढे पुरे होते. व्यवहारात व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्कशिवाय संघ लंगडाच राहिला असता. व्हर्जिनियाने चारच दिवसांनी ८९ विरुद्ध ७९ मतांनी मंजुरी दिली. संघाबाहेर एकटे पडण्याच्या धास्तीने न्यूयॉर्कनेही २६ जुलैला, ३० विरुद्ध २७ असा, होकार दिला. नॉर्थ कॅरोलायना १७८९ च्या नोव्हेंबरात आले. ऱ्होड आयलंडने १७८८ मध्ये थेट जनमत घेतले होते. समर्थकांच्या बहिष्कारामुळे २३७ मते बाजूने आणि २,७०८ विरोधात पडली. अखेर सिनेटने व्यापारबंदीचे विधेयक मंजूर केल्यावर, २९ मे १७९० रोजी, दोन मतांच्या फरकाने ते राज्य संघात सामील झाले.

हक्कांच्या सनदेची गरज नाही असे म्हणणाऱ्या मॅडिसन यांनी प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीत तिचे आश्वासन दिले आणि ८ जून १७८९ रोजी दुरुस्त्या मांडल्या. व्यक्तिस्वातंत्र्याच्या हमी त्यांत होत्या; थेट करांना लगाम घालण्याची विरोधकांची मोठी मागणी मात्र नव्हती. काँग्रेसने राज्यांकडे पाठवलेल्या बारापैकी दहा दुरुस्त्या १५ डिसेंबर १७९१ रोजी मंजूर झाल्या. उरलेल्या दोनपैकी काँग्रेस सभासदांच्या वेतनाविषयीची दुरुस्ती १९९२ मध्ये सत्ताविसावी म्हणून संविधानात दाखल झाली.