भीती पुसली जात नाही, तिच्यावर दुसरी आठवण बसते

"झालं गेलं विसरून जा" हा सल्ला अपघातातून वाचलेल्याला पण मिळतो आणि अत्याचार सोसलेल्या बाईला पण, देणारा चांगल्या मनानेच देतो, पण मेंदू तसा चालतच नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने पळून जाणं, भित्रेपणा अशा आरोपांखाली आपल्याच सैनिकांना गोळ्या घातल्या, त्यातले काही चक्क शेल शॉकचे, म्हणजे लढाईच्या धक्क्याने मन कोलमडलेले, पेशंट होते. गोळ्या घातलेल्या अशा ३०६ सैनिकांना माफी मिळाली २००६ साली! पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मागे राहणारा मानसिक आजार, हे निदान अधिकृत झालं १९८० मध्ये, व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी लावून धरल्यावर.

आता खरी गंमत बघा. पावलोवचा कुत्रा शाळेत सगळ्यांनी वाचलाय, इशाऱ्यानंतर खाणं मिळतं हे शिकून नुसत्या इशाऱ्यालाच लाळ गाळणारा. खाणं न देता नुसताच इशारा देत राहिलं की लाळ थांबते, पण मधे थोडा वेळ जाऊ दिला की परत सुटते! म्हणजे जुनी जोडणी शाबूत असते. भीतीचंही तेच. अमिग्डाला या मेंदूतल्या भीती हाताळणाऱ्या भागातली धोक्याची आठवण तशीच राहते, वारंवार सुरक्षित अनुभव आला की मेंदूच्या पुढच्या भागातून, प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधून, अमिग्डालाला आवरणारे सिग्नल बळकट होतात. आणि हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा आणखी एक भाग जागेचा हिशोब ठेवतो, त्यामुळे एखाद्या आवाजाला घाबरायला शिकलेल्या उंदराची भीती एका पिंजऱ्यात घालवली, तरी दुसऱ्या पिंजऱ्यात तोच आवाज ऐकून तो पुन्हा थिजतो.

इराकमध्ये बॉम्ब रस्त्याकडेच्या कचऱ्यात लपवलेले असायचे, म्हणून घरी परतलेला सैनिक साध्या हायवेवर पिशवी दिसली तरी गाडी वळवतो. दरवेळी वळवली की "काही झालं नाही" हे शिकायची संधीच जाते. म्हणून मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांच्या प्रोलॉन्ग्ड एक्सपोजर थेरपीत पेशंट घडलेलं सगळं वर्तमानकाळात, मोठ्याने, पुन्हा पुन्हा सांगतो, रेकॉर्डिंग घरी ऐकतो, टाळलेल्या जागी हळूहळू जातो. साधारण ८ ते १५ सेशन, तेही ट्रेन्ड थेरपिस्टसोबतच, घरच्यांनी जबरदस्तीने बोलतं करायचं नाही.

आपल्याकडे अजूनही रात्री किंचाळत उठणाऱ्याला बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावतात, याचा मला भयंकर राग येतो, त्यात उपचाराची वर्षं जातात. आणि "एका सेशनमध्ये ट्रॉमा डिलीट" म्हणणाऱ्या रील्स पण तितक्याच खोट्या. एमडीएमए या नशेसाठी वापरल्या जाणाऱ्या ड्रगचा पीटीएसडीवरचा उपचार म्हणून केवढा गाजावाजा झाला, पण ऑगस्ट २०२४ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या संस्थेने, मंजुरी नाकारून आणखी एक ट्रायल मागितली.

बरं झालेल्या माणसाला काही वर्षांनी नव्या धक्क्यानंतर तीच स्वप्नं पडू लागली तर थेरपी वाया गेली असं नाही, जुनी आठवण तिथेच होती, पुन्हा थेरपिस्टकडे जायचं.